भिंतीवरच्या काकी: एका बंदराच्या शहरातलं प्रकरण

हे प्रकरण दक्षिण कोकणातल्या एका लहान बंदराच्या शहरातलं आहे. माणसांची, संस्थेची आणि शहराची नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. मी या शहराच्या हायस्कुलात तीस वर्षं चित्रकला शिकवली. यातला चित्रकार माझा विद्यार्थी. त्यामुळे हे मी लांबून पाहून लिहिलेलं नाही. यातली एक चूक माझी आहे आणि ती जिथे झाली तिथेच सांगितली आहे.

पार्श्वभूमी

आमच्या किनाऱ्यावर रापण अजून लागते. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि पन्नास-साठ माणसं दोन रांगांनी ते ओढतात. बांगडा, तारली, पेडवे, नशीब असलं तर सौंदाळा. ज्याने हात लावला त्याला वाटा मिळतो, पोरालाही मिळतो.

गेल्या काही वर्षांत ओढायचा दोर तोच राहिला, मासळी कमी झाली. माशांच्या थव्याला घेरून खालून आवळायच्या मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले. प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्याच्या एलईडी मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. राज्याच्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि एलईडीसाठी पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत दंड आला. तरी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर उभं राहिलं की क्षितिजावर एक शहर वसल्यासारखे दिवे दिसतात. ते शहर सकाळी नसतं. राज्याची हद्द बारा सागरी मैलांपर्यंत, त्यापुढे केंद्राची. दिवे नेमके कुठल्या बाजूला आहेत यावर किनाऱ्यावर उभं राहून वाद घालता येतो, सिद्ध काही करता येत नाही.

चित्रकार मुंबईला जे. जे.मध्ये शिकला, तिथेच काही वर्षं जाहिरातींची कामं केली आणि करोनाच्या काळात घरी परतला. घरखर्चासाठी तो नगरपरिषदेची स्वच्छता मोहिमेची भित्तिचित्रं करायचा: दशावतारातला संकासूर, कासव, कचऱ्याचे दोन डबे. गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या होत्या आणि त्यातली एकही त्याची नव्हती, असं तो म्हणायचा. त्याला एक भिंत स्वतःची हवी होती.

भिंत आणि परवानगी

ती भिंत मच्छीमार सहकारी संस्थेच्या बर्फ कारखान्याची. जांभ्याची, वरून सिमेंटचा गिलावा, तोंड जेटीकडे. संध्याकाळी लिलाव तिच्या सावलीत चालतो. जानेवारी २०२४ मध्ये संस्थेने ठराव करून लेखी परवानगी दिली. हे त्याने व्यवस्थित केलं. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ त्याला माहीत होता. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे आणि लहान गावात दंडापेक्षा पोलीस ठाण्याची पायरी जास्त महाग पडते.

फेब्रुवारीत अकरा दिवसांत चित्र झालं. भिंतभर एक दोर. दोराला लागलेली बारा माणसं, रस्त्याकडे तोंड करून, पाय वाळूत रुतलेले. तांबडा रंग त्याने आमच्याच सड्यावरची माती चाळून, बाइंडर घालून केला होता. दोर भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जातो तिथे जाळं रिकामं, आणि त्याच्यामागे काळ्या पाण्यावर पांढऱ्याफेक दिव्यांची ओळ. खाली मोठ्या अक्षरांत दोन शब्द: ‘दर्या कोणाचो?’

दोराच्या सर्वांत पुढे काकी.

काकी लिलावात मासळी घेऊन बाजारात विकतात. साठीच्या आसपास वय. चित्रकाराने नोव्हेंबरात लिलावाचे फोटो काढले होते, तेव्हा काकींनी हसून पाहिलं होतं. त्या हसण्याला त्याने होकार धरलं. कच्चं रेखाटन त्याने मला आणून दाखवलं. मी काकींना लगेच ओळखलं आणि म्हणाले, “चेहरा छान पकडलास.” त्यांना विचारलंस का, हे माझ्या तोंडून निघायला हवं होतं. निघालं नाही. मी रेषा पाहत होते.

अडचण

काकींचा धाकटा मुलगा एका मिनी पर्ससीन बोटीवर खलाशी होता. ती बोट रात्री दिवे लावते, हे बंदरावर सगळ्यांना ठाऊक होतं. संस्थेच्या चेअरमनना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. चित्रकाराला मुलगा बोटीवर जातो एवढं माहीत होतं, कुठल्या बोटीवर हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात बोटमालकाने मुलाला सांगितलं की तुझी आई आमच्याविरुद्ध दोर ओढते आहे, तू पुढच्या फेरीला येऊ नको. कोकणातल्या बोटींवर आता नेपाळी खलाशी भरपूर आहेत, माणूस बदलायला एक फोन पुरतो. त्याच संध्याकाळी काकी माझ्या घरी आल्या. ओटीवर बसल्या, पाणी घेतलं नाही.

“बाईनू, तुमच्या त्या चेड्याक सांगा, माका थंयसून काढ म्हणान.”

मी काहीतरी समजुतीचं बोलले. चित्र कुणाच्या विरुद्ध नाही, तुमचा मान केलाय, असं. काकींनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “माका कोणी इचारल्यान?”

मी चित्रकाराला निरोप दिला. तो हादरला, हे खरं. पण त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडत होती. एका पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भिंतीसमोर फोटो काढले आणि आपल्या प्रचाराला लावले. ‘दर्या कोणाचो?’ हा प्रश्न कुठल्या पक्षाचा नव्हता, तो आता एका पक्षाच्या तोंडी बसला. चित्रकार त्या वादात गुंतला आणि काकींचं ‘उद्या बघू’ वर गेलं.

शनिवार, १६ मार्च २०२४ रोजी दुपारी लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. आमचं मतदान ७ मेला होतं. निवडणूक आयोगाचा नियम असा की अनधिकृत राजकीय मजकूर सरकारी मालमत्तेवरून २४ तासांत, सार्वजनिक जागेवरून ४८ तासांत आणि खासगी मालमत्तेवरून ७२ तासांत हटवायचा. संध्याकाळी नगरपरिषदेतून चेअरमनना फोन आला. भिंत साफ करा, नाहीतर आम्ही करतो.

समोरचे पर्याय

त्या रात्री जाळी ठेवायच्या खोपीत आम्ही सहा जण बसलो: चेअरमन, चित्रकार, संस्थेतले दोन तरुण, गावातले एक वकील आणि मी. काकी नव्हत्या. त्यांना बोलवावं हे कुणाच्या मनातही आलं नाही, आणि आज मागे पाहताना मला त्या बैठकीतली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

वकिलांनी आधी वेळेचा हिशेब मांडला. भिंत सहकारी संस्थेची, म्हणजे खासगी. तेव्हा ७२ तास मिळतात. कारखाना उभा आहे ती जागा मात्र भाडेपट्ट्याची, बंदराची, त्यामुळे ४८ तास म्हणतील. मुळात हे चित्र ‘राजकीय मजकूर’ ठरतं का, असा अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे करता येईल. पक्षाच्या कार्यकर्त्यांचे फोटो नसते तर हा अर्ज भक्कम होता. चेअरमन सही करायला कचरले. बोटींच्या डिझेलवरचा कर सरकारकडून परत मिळतो, संस्थेची त्या परताव्याची प्रकरणं अडकलेली होती, त्या वेळी कुठल्याही कार्यालयाशी वाकडं घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. मला तेव्हा राग आला होता. आता नाही येत. परताव्यावर दीडशे घरं अवलंबून असताना चेअरमनने भिंतीसाठी भांडावं, असं म्हणणारे आम्ही कोण होतो?

वकिलांनी दुसरी वाट सांगितली, कलाकृतीवरच्या कलाकाराच्या हक्काची. प्रताधिकार कायदा, १९५७ चं कलम ५७. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प १९७९ मध्ये सरकारने काढून टाकलं. ते न्यायालयात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, पाच लाखांची भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत. ऐकून चित्रकाराचे डोळे चमकले. पण १९७९ ते २००५ हे अंतर कुणी तरी मोठ्याने मोजलं आणि ते तिथेच थांबलं.

मग ताडपत्री. संस्थेकडे जुन्या ताडपत्र्या होत्या, त्यावर फाटकी रापण टांगायची आणि निवडणूक होईपर्यंत भिंत झाकायची. मजकूर दिसत नसेल तर हरकत नाही, असं नगरपरिषदेतला एक ओळखीचा माणूस फोनवर म्हणाला होता. मला हा पर्याय पसंत होता. तरुणांना नव्हता, त्यांना तो माघार वाटला.

चित्रकाराच्या मनात वेगळंच होतं. ब्लू या नावाने काम करणारा इटलीचा एक रस्त्यावरचा चित्रकार आहे. बोलोन्या शहरात रस्त्यावरची चित्रं भिंतींवरून काढून प्रदर्शनात मांडली जात होती, तेव्हा मार्च २०१६ मध्ये त्याने त्या शहरातली स्वतःचीच अनेक वर्षांची चित्रं राखाडी रंगाने झाकून टाकली. “बाई, त्यांनी पुसण्यापेक्षा मीच काळी करतो भिंत,” चित्रकार म्हणाला. त्याच्या या म्हणण्यात तेज होतं. मी म्हटलं, ब्लूच्या भिंतीवर काकी नव्हत्या. तेव्हा कुठे त्यांचं नाव त्या रात्री पहिल्यांदा निघालं.

तरुणांपैकी एकाने सुचवलं की फक्त अक्षरं आणि काकींचा चेहरा पुसू, बाकी ठेवू. यावर पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. दुसरा म्हणाला, नगरपरिषद चुना फासणारच आहे, काकींचाही प्रश्न आपोआप मिटेल.

आम्ही सगळे मान डोलावून उठलो. मीही. सोपी वाट होती.

काय केलं, आणि त्याचं काय झालं

सोमवारी सकाळी नगरपरिषदेच्या माणसांनी चुना लावला. तासाभरात भिंत पांढरी. त्याच रस्त्यावर संकासूर आणि कासव होते तसे राहिले. तरुणांनी चुना लावतानाचं चित्रण केलं आणि पसरवलं. त्यात शेवटी काकींचा चेहरा ब्रशाखाली जाताना दिसतो. मुंबईतल्या चाकरमान्यांच्या गटांत ते फिरलं आणि दोन दिवसांत काकींचा चेहरा छापलेलं पत्रक आलं: तिला गप्प करता येणार नाही.

काकी एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांना गप्प कुणी केलं असेल तर ते आम्ही होतो, पांढऱ्या रंगाच्याही आधी.

मुलाला त्या बोटीवर परत घेण्याची थोडी शक्यता होती, ती या पत्रकाने संपली. एप्रिल-मे त्याने आंब्याच्या पेट्या भरायचं काम केलं. पुढे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीचा काळ, तेव्हा कुणालाच काम नसतं.

जूनमध्ये आचारसंहिता उठली आणि पाऊस लागला. चित्र बाहेरच्या भिंतीच्या इमल्शनमध्ये केलेलं होतं आणि त्यावर साधा चुना. चुना अशा रंगावर धरत नाही. पहिल्या पंधरा दिवसांतच तो पापुद्र्यांनी सुटायला लागला. वरच्या बाजूला पन्हळीचं पाणी जिथे सांडायचं तिथे आधी सुटला, म्हणजे बरोबर काकींच्या चेहऱ्यावर. बाकी भिंत पांढरी आणि मध्ये एक चेहरा. लोक लांबून बघायला यायला लागले. याला कुणी चमत्कार म्हटलं, कुणी नियती. तो पन्हळीचा उतार होता.

जुलैत एका सकाळी चेहऱ्यावर डांबर फासलेलं दिसलं. होड्यांना लावतात ते. तरुण पेटले, बोटमालकाच्या माणसांचं काम म्हणून पोलिसांत जायला निघाले. तक्रारीचा कागद माझ्याकडे शुद्धलेखन तपासायला आला. तो हातात असतानाच मी काकींकडे गेले, कारण या वेळी तरी आधी त्यांना विचारायचं एवढं मला कळलं होतं.

काकी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मियाच फासलंय.”

रात्री पावसात, सुनेला शिडी धरायला लावून.

मी तक्रारीचा कागद फाडला. चित्रकाराला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पहिल्यांदा काकींच्या घरी गेला, मला बरोबर घेऊन. त्याने माफी मागितली. काकींनी त्याला चहा दिला आणि मग जे काही बोलायचं होतं ते बोलल्या. मुलाचं बोलून झालं, पत्रकाचं बोलून झालं. शेवटी म्हणाल्या की चित्रही चुकलंय.

“रापण ओडताना त्वांड दर्याकडे आसता रे. रस्त्याकडे पाठ. तुका ता दिसला नाय?”

खरं आहे. रापण ओढणारी माणसं समुद्राकडे पाहत मागे मागे सरकतात. जेटीच्या रस्त्यावरून पाहणाऱ्याला पाठीच दिसतात. त्याने बारा चेहरे रस्त्याकडे वळवले होते कारण पाहणाऱ्याकडे कुणी तरी पाहायला हवं होतं. मी हेच त्याला शाळेत शिकवलं होतं.

ओली भिंत ऑक्टोबरपर्यंत वाळत नाही. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा मतदान होईपर्यंत थांबलो. डिसेंबर २०२४ मध्ये नवीन चित्र झालं. या वेळी खोपीत बैठक झाली तेव्हा काकी होत्या, रापणीचे दोन म्हातारे होते. चित्रात सगळ्या पाठी आहेत. घामाने चिकटलेले सदरे, कमरेला खोचलेले पदर, दोराच्या ताणाने मागे कललेली अंगं. समोर पाणी आणि दिवे. अक्षरं नाहीत. अक्षरं गाळायला चित्रकार शेवटपर्यंत तयार नव्हता आणि मला अजून वाटतं की तो बरोबर असेल. पण रापणीतले म्हातारे म्हणाले की तो प्रश्न आम्ही सरकारला विचारतो, भिंतीने आम्हाला विचारायची गरज नाही.

नगरपरिषदेने चित्रकाराला त्यानंतर स्वच्छतेच्या भिंती दिल्या नाहीत. वर्षाचं निम्मं उत्पन्न गेलं. संस्थेचा डिझेल परतावा मिळाला. समुद्रातले दिवे आहेत तसे आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला फाटा नोव्हेंबर २०२३ चा. फोटोतलं हसू आणि भिंतीवरच्या चेहऱ्याला दिलेली संमती यांत फार अंतर आहे. रिओच्या मोरो द प्रोव्हिदेन्सिया वस्तीत २००८ मध्ये जेआर या फ्रेंच कलाकाराने तिथल्या बायकांचे चेहरे आणि डोळे घरांवर मोठे करून चिकटवले, ते त्या बायकांना सोबत घेऊन. लहान बंदरात तर हे आणखी गरजेचं, कारण इथे चेहऱ्याला लगेच पत्ता असतो. घरात कोण कुठल्या बोटीवर जातं, हे विचारायला एक संध्याकाळ लागली असती. तेव्हा काकींनी नकार दिला असता तर? तर पाठी फेब्रुवारीतच आल्या असत्या.

दुसरा, मार्चचा पहिला आठवडा. काकी माझ्या ओटीवर आल्या त्या दिवशी एका ब्रशाने दहा मिनिटांत काम झालं असतं. चित्रकाराची अडचण मला कळते: कुणी दबाव आणल्यावर चेहरा पुसला तर दबाव जिंकला असं वाटतं. पण इथे मागणी चेहऱ्याच्या मालकिणीची होती, बोटमालकाची नव्हती. या दोन्हींत फरक करणं आम्हाला जमलं नाही, कारण दोघांचं म्हणणं एकाच वेळी, एकाच दिशेने आलं.

तिसऱ्या फाट्याबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. ताडपत्रीचा पर्याय घेतला असता तर चित्र वाचलं असतं, चित्रण झालं नसतं, पत्रक निघालं नसतं. पण भिंतीमागे काकी तशाच राहिल्या असत्या आणि जूनमध्ये ताडपत्री निघाल्यावर वाद तिथूनच सुरू झाला असता. चुना सुटला नसता तर काकींना शिडी चढावी लागली नसती, हेही खरं, आणि चित्रकाराकडे त्यांच्या घराची पायरी चढण्याचं कारणही राहिलं नसतं.

संस्थेने आता भिंतीसाठी नवा ठराव केला आहे. ज्याचं अंग, चेहरा किंवा होडी चित्रात येईल, त्याची वेगळी सही घ्यायची. दर मे महिन्यात भिंत कोण रंगवणार आणि पैसे कुठून येणार, हे त्यात लिहायचं राहिलं. गेल्या पावसात खालच्या बाजूला शेवाळ चढलं आणि तीन माणसांचे पाय गेले.

काकींचा मुलगा ऑगस्टमध्ये दुसऱ्या बंदरात एका ट्रॉलरवर लागला. शिमग्याला घरी येतो. जेटीच्या रस्त्याने येत नाही, वरच्या पाणंदीने येतो.